जखम ज्याची त्याने लिहायची

मैदानात नवा माणूस आला की आम्ही त्याला 'कोरा' म्हणतो. कोरा आल्या आल्या पहिल्याच वाक्यात कुणाचं तरी मुंडकं उडवतो. 'मी तलवार फिरवतो आणि त्याचं मुंडकं धडावेगळं होऊन पडतं.' झालं, संपली लढाई, वाजवा टाळ्या! मग मला कंसात लिहावं लागतं, '(बाबा रे, तलवार तुझी आहे, पण मुंडकं त्याचं आहे. ते उडालं की नाही हे तो सांगेल. तू फक्त तलवार फिरव.)' यावर कोऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: '(पण मी जोरात फिरवली होती!)' एकालाही दुसरं काही सुचत नाही. आपण जोरात फिरवली म्हणजे समोरच्याला लागलीच, असं प्रत्येकाला वाटतं.

मैदान म्हणजे इंटरनेटवरची एक जागा. तिथे चित्रं नाहीत, आवाज नाही, गुणबिण मिळत नाहीत. दोघं जण आपापलं एक पात्र घेऊन उतरतात आणि आळीपाळीने लिहितात. एकाने वार लिहायचा. दुसऱ्याने तो चुकवला, अडवला की खाल्ला ते लिहायचं आणि मग स्वतःचा वार करायचा. पात्राला सोडून इतर काही बोलायचं असेल तर ते कंसात. बाकी सगळे नियम एकाच नियमातून निघालेत: आपल्या पात्राचं आपण लिहायचं, दुसऱ्याच्या पात्राचं त्याने. वार आपला, जखम त्याची. दुसऱ्याचं पात्र कुणालाही मारता येत नाही. मरायचंच असेल तर ज्याचं त्याने मरायचं, आणि एकदा मेलेलं पात्र परत येत नाही. अर्थात याचा फायदा घेऊन दर वेळी सुळकन बाजूला सरकणारेही असतात. त्यांना आम्ही काही बोलत नाही. फक्त हळूहळू त्यांच्याशी कुणी खेळेनासं होतं.

इतकी साधी गोष्ट, पण ती शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. तिथे मला वस्ताद म्हणतात. वस्ताद म्हणजे कुणीतरी झुपकेदार मिशांचा, दंड थोपटणारा गडी असणार अशी बहुतेकांची समजूत आहे आणि मी ती मोडायला गेलेली नाही. प्रत्यक्षात मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे आणि कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे येतात. मी मेणात दात बसवते, घासते, चकचकीत करते आणि डबीत घालून पाठवून देते. ज्या तोंडात ते दात जाणार ते तोंड मला कधी दिसत नाही. दिवसभर बोटांना मेणाचा वास आणि नाकात प्लॅस्टरची धूळ. लग्न केलं नाही. त्याचं लोकांना फार वाईट वाटतं. मला वाटत नाही हे कळल्यावर आणखीच वाईट वाटतं.

माझी ताई मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डची मुख्य नर्स होती. आता निवृत्त आहे. तिच्या हातात जादू आहे असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. आकांत करणाऱ्या पोराचा दंड ती हलकेच धरायची, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायची, 'काही दुखत नाहीये,' आणि सुई आत. पोर चिडीचूप. खरंच दुखत नसे, की दुखतंय म्हणायची सोयच उरत नसे, हे मला आजवर कळलेलं नाही. अडचण एवढीच की ड्यूटी संपल्यावर ती हे वाक्य वॉर्डात ठेवून येत नसे. 'तुला भूक नाहीये, झोप आलीये.' 'तू रागावलेला नाहीस, दमलायस.' मी लहान असताना तिने एकदा पाहुण्यांना सांगून टाकलं, 'हिला गोड आवडत नाही.' तेव्हापासून आमच्या अख्ख्या गोतावळ्यात माझ्या ताटात कुणी गोड वाढत नाही. मला गोड आवडतं. भयंकर आवडतं. पण आता या वयात घरोघरी जाऊन सांगत बसू का?

तिला एकच मुलगा. भावजी लवकर गेले, ताईच्या पाळ्या असायच्या, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांत भाचा माझ्याकडे राहायचा. मी लिहायला बसले की माझ्या खुर्चीच्या पाठीला लोंबकळून वाचायचा. पुढे तोही कोरा म्हणून मैदानात उतरला आणि बघता बघता माझ्याच नाकी नऊ आणायला लागला. पात्राचं नाव त्याने ठेवलं कोळसा. काळाकुट्ट, मुका, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड. 'मुका का रे?' म्हणून मी विचारलं होतं. 'म्हणजे त्याच्या वतीने दुसरं कुणी उत्तर देऊ शकणार नाही,' असं म्हणाला होता. मला तेव्हा वाटलं, पोरगं हुशार आहे.

मोठा झाला, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागला. तिथल्याच एका मुलीशी त्याचं जमलं. घरात काही बोलला नाही, तो बोलतच नसे. ताईला बाहेरून कळलं. तर ही बाई काय करते? त्याला न सांगता त्या मुलीच्या घरी जाते, तिच्या आईवडिलांसमोर बसते आणि अगदी गोड आवाजात सांगते, 'माझ्या मुलाचा तुमच्या मुलीत जीव नाही. त्याला स्वतःला अजून ते उमगलेलं नाही, पण मी आई आहे, मला कळतं. उगीच तुमच्या मुलीचं आयुष्य अडकायला नको.' प्रत्यक्ष आईच असं म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार? मुलगी ती नोकरी सोडून दुसऱ्या गावी निघून गेली. भाच्याला सगळं समजलं तेव्हा तो ताईसमोर उभा राहिला म्हणे, आणि ताई म्हणाली, 'तुला काही तेवढं वाईट वाटलेलं नाही.' त्याने बॅग भरली. फोन नंबर बदलला. नवा पत्ता कुणालाही दिला नाही, मलासुद्धा नाही.

मैदान मात्र त्याने सोडलं नाही. दर रविवारी दुपारी कोळसा यायचा आणि माझ्यावर कुऱ्हाड उगारायचा. घरचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही. पण तो वार करायचा आणि माझ्या जिवात जीव यायचा: पोरगं धडधाकट आहे, जेवतंखातंय, इंटरनेटचं बिल भरतंय. वाक्यं तुटक आली की मी समजायची, आठवडा जड गेला. एखादा वार मुद्दाम हुकवला की समजायची, खुशीत आहे. माझ्या आयुष्यात त्या रविवारांएवढं दुसरं काहीही नव्हतं. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी रडगाणं गायले तर कुणी दचकायला नको.

अशाच एका रविवारी ताई न सांगता माझं ब्लडप्रेशर तपासायला आली. मी चहा टाकायला आत गेले आणि स्क्रीन तशीच उघडी राहिली. तिच्यावर नेमकं कंसातलं वाक्य होतं: '(मावशी, आज लवकर आलीस!)' मी कप घेऊन बाहेर आले तर ताई स्क्रीनसमोर वाकून उभी.

"हा माझा सोन्या आहे," ती म्हणाली.

नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"तू त्याच्याशी बोलतेस. इतके दिवस. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"बोलत नाही गं. लढते."

आता ती कडाडेल म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण ती खुर्चीत बसली. माझ्या हातातला कप घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायली नाही. "मला त्याच्याकडून एक ओळ हवीये," ती म्हणाली. "शिवी दिली तरी चालेल. पण त्याने लिहिलेली, मला. मला शिकव ते काय आहे ते."

ताईला मी आयुष्यात काही मागताना पाहिलं नव्हतं. ती देते, घेते, ठरवते, मागत नाही. मला तिची कीव आली आणि कीव आली याचा रागही आला. मी म्हटलं, विचारते त्याला. लपूनछपून काही होणार नाही.

पुढच्या रविवारी मी कंसात लिहिलं की तुझ्या आईला मैदानात यायचंय, नको असेल तर तसं सांग, विषय कायमचा बंद. कोळसा उत्तर न देता निघून गेला. मी आठवडाभर कवळ्यांत दात वाकडे बसवले. त्याच्या पुढच्या रविवारी उत्तर आलं: '(आधी नियम शिकव. सगळे. शिकली तर एक लढत खेळेन.)' ते ताईला वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "नियम ना? त्यात काय!" ती म्हणाली. "मी आयुष्यभर नियमांतच वाढले आणि नियमांतच पोरं वाढवली."

शिकवणी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली. संध्याकाळी मी कामावरून यायची, ती आधीच दारात उभी असायची. एका बोटाने टाइप करायची, प्रत्येक अक्षर हुडकून. पात्राचं नाव तिने 'आई' लिहिलं. म्हटलं, ताई, इथे नाती चालत नाहीत, पात्र चालतं. मग बराच वेळ विचार करून तिने 'पांढरी' ठेवलं, तिच्या गणवेशाच्या रंगावरून. हत्यार म्हणून काठी घेतली, तीही आधाराला.

"आता समज मी कोळसा आहे," मी म्हटलं. "तू काय करशील ते लिही."

तिने लिहिलं: 'पांढरी त्याला जवळ घेते आणि तो रडायला लागतो.'

"तो रडतो हे तू नाही लिहायचं."

"पण रडेलच ना तो."

"मग त्याला लिहू दे."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर नाही रडला."

"असं कसं? मी जवळ घेतलंय त्याला!"

"तेही तू नाही ठरवायचं. तू जवळ घ्यायचा प्रयत्न करतेस. तो जवळ आला की नाही हे तो लिहिणार."

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा काय खेळ आहे?" ती म्हणाली. "यात माणसाच्या हातात काहीच नाही."

"स्वतःचा हात आहे," मी म्हटलं.

वार लिहायला ती कशीबशी शिकली. 'प्रयत्न करते' हे शब्द ती औषधाच्या कडू डोससारखे लिहायची, पण लिहायची. मग आली वार खाण्याची पाळी. मी तलवार मारली, पांढरी बाजूला झाली. मी भाला फेकला, पांढरी वाकली. मी पाठीमागून दगड घातला, तर पांढरीने म्हणे आधीच मागे वळून पाहिलं होतं. सबंध संध्याकाळ मी घाम गाळला आणि तिच्या पदराला धूळ लागली नाही. म्हटलं, ताई, कधीतरी लागू दे गं. "का? मला दिसतोय ना वार येताना," ती म्हणाली. शेवटी एकदा तिने वार खाल्ला, आणि काय खाल्ला! बरगडीच्या खाली किती खोल, कुठली नस वाचली, सगळं शास्त्रशुद्ध. आणि त्याच वाक्यात जखम धुतली, शिवली, पट्टी बांधली आणि पांढरी ताठ उभी. मला हसू आवरेना. तीही हसली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी बहिणी एका टेबलाशी बसून अशा हसलो नव्हतो, हे कबूल करायला हवं.

पण सगळ्याच संध्याकाळी हसण्यातल्या नव्हत्या. एकदा ती सहज म्हणून गेली, "तुला बरं आहे, तुला एकटीला काही लागत नाही." त्यानंतर मी जे वार लिहिले ते शिकवण्यासाठी लिहिले नव्हते. एकामागून एक लिहीत सुटले. पाच मिनिटं मी वस्ताद नव्हतेच. ताईने सगळे वाचले. माझ्याकडे पाहिलं. मग एका बोटाने, सावकाश लिहिलं: 'लागतो. हाही लागतो. पांढरी खाली पडते.' पट्टी नाही, टाके नाहीत. "बरोबर लिहिलं?" तिने विचारलं. मी मान हलवली. त्या रात्री मी भाच्याला कंसात कळवलं की कोरी तयार आहे.

तो रविवार आला. ताई इस्त्रीची साडी नेसून आली, जणू तो तिला बघणारच होता. मी लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला आणि शेजारी बसले. लढतीची पंच मीच होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं आणि टेबलावरचे चमचे थरथरत होते.

पहिला डाव नव्या माणसाचा असतो. ताईने लिहिलं: 'पांढरी काठी टेकत मैदानात येते. उभी राहते.'

थोड्या वेळाने ओळी उमटल्या. 'कोळसा समोर येतो. कुऱ्हाड खांद्यावरून उतरवतो. पहिला वार काठीवर करतो.'

ताईने त्या ओळी बोटाने चाचपल्या. तिला हवी होती ती ओळ आली होती, खरं तर तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण तिने लिहिलं: 'काठी मोडते. पांढरी तुकडे टाकून देते.'

'दुसरा वार गुडघ्यावर.'

'लागतो. पांढरी खाली बसते. तिला उठता येत नाही.'

माझ्याकडे न बघता लिहिलं तिने, एकदाही न विचारता. मी मनात म्हटलं, शिकली की गं ही.

'तिसरा वार तोंडावर. हेच तोंड घेऊन ती लोकांच्या घरी बोलायला गेली होती.'

हे नियमात बसत नव्हतं. बाहेरचं भांडण आत आणायचं नाही. पंच म्हणून मी तिथेच थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. वरचं ड्रिल बंद पडलं होतं. ताई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती, तिचे ओठ हलत होते. सरकून जाणं तिला चांगलं जमत होतं, मला माहीत होतं. तिने लिहिलं: 'लागतो. तोंड फुटतं. पांढरीला आता बोलता येत नाही.'

ताईची बोलती बंद झालेली बघायची माझी फार जुनी हौस होती. ती अशी फिटली, तर मला आनंद झाला नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हाडांची झाली होती, मला माहीतच नव्हतं.

"आता तुझा वार," मी म्हटलं.

"वार नको," ती म्हणाली आणि लिहायला लागली: 'पांढरी बसल्या जागेवरून हात वर करते. त्याच्या हातावर ठेवण्याचा प्रयत्न करते.' मग मला विचारलं, "प्रयत्न लिहिलाय. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

उत्तराला इतका वेळ लागला की मला वाटलं गेला. मग आलं. 'हात कोळशाच्या हातावर पोचतो. कोळशाला काही जाणवत नाही. तो हात काढून घेत नाही.'

मैदानात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, ते शेवटचं वाक्य कुणी उगीच लिहीत नाही. मोकळं सोडलेलं दार होतं ते. मी ताईचा खांदा धरला. "ताई, ऐक. आता काही करायचं नाही. फक्त लिही, पांढरी हात तसाच ठेवते. बस. पुढचं तो लिहील."

"जाणवत नाही म्हणजे?" ताई म्हणाली.

"अगं, ते सोड. पुढचं वाच."

"जाणवत नाही असं कसं होईल? इतकं झालं, आणि जाणवत नाही?"

"ताई, ते त्याचं आहे. त्याने लिहिलंय ना, मग तसंच."

"मी आई आहे त्याची!" ती म्हणाली, आणि तिचं बोट अक्षरं हुडकायला लागलं.

एका बोटाने लिहिते ती. मला लॅपटॉप ओढून घ्यायला, झाकण मिटायला, निदान ओरडायला भरपूर वेळ होता. मी त्यातलं काहीही केलं नाही. डाव तिचा होता, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत मला आशा होती. तिने लिहिलं: 'त्याला जाणवतं. त्याला सगळं जाणवतं. तो रडतोय.' आणि पाठवलं.

मी कंसात घाईघाईने लिहायला घेतलं की ही ओळ बाद, पंच बाद करतायत. ते पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर आलं.

'कोळसा मैदानाच्या मधोमध बसतो. विझतो. त्याची राख होते. राख उडून जाते.'

त्याखाली मैदानाची ठरलेली राखाडी ओळ आली: पात्र संपले.

"हे काय?" ताईने विचारलं.

"मेला."

"कोण मेला?"

"कोळसा."

"कुणी मारलं?"

"त्यानेच. दुसऱ्या कुणाला मारता येत नाही."

मी कंसात त्याला हाका मारल्या. सोन्या म्हणून मारल्या, त्याच्या खऱ्या नावाने मारल्या, नियम गेले चुलीत. मैदान म्हणालं, या नावाचा सदस्य आता नाही. मला वाटलं आता ताई कोसळेल, तिला धरायला मी खुर्ची सरकवली. तर ती म्हणाली, "बघ. जाणवलं ना त्याला? काही जाणवलंच नसतं तर एवढं केलं असतं का कुणी?"

तिचं खरंही असेल. बहुधा खरंच असेल. मलाही ती ओळ वाचताना वाटलंच होतं की पोरगं खोटं लिहितंय. पण खोटं लिहायचा हक्क त्याचा होता. थोडा वेळ दिला असता तर त्याने खरं लिहिलं असतं, किंवा नसतं लिहिलं, पण हात तर तिथे राहिला असता. हे मी ताईला सांगायला गेले आणि माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "माझा रविवार होता गं तो," मी म्हटलं. ताईला ते समजलं नाही. ती आपला चष्मा पुसत होती.

त्यानंतर नातेवाइकांत बातमी पसरली. एका मावसबहिणीचा मला फोन आला, फार आनंदात होती. ताई आणि मुलाची गाठ पडली म्हणे, सगळं बोलणं झालं, खूप रडला म्हणे पोरगा आईच्या गळ्यात पडून, आता हळूहळू येईल परत. मी म्हटलं, हो का. तिला मी खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते? की एक कोळसा होता, त्याची राख झाली?

मैदानात मी जाते अजून. रविवारी दुपारी नेहमीच्या वेळी बसते. नवे कोरे येतात, मुंडकी उडवतात, मी त्यांना कंसात समजावते. प्रत्येकाची वाक्यं तपासते. कुणी मुकं पात्र घेऊन आला की मी स्वतःच त्याच्यासमोर उतरते, आणि दोन डावांत कळतं की हा तो नाही. दुसरं नाव घेऊन तो आला असता तरी मी त्याला ओळखलं असतं. तो आलेला नाही.

परवा ताईचा फोन आला.

"आला का गं?"

"नाही."

"येईल. दमलाय तो."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आणि तू ते मनाला लावून घेतल्याचं उगीच दाखवू नकोस. मावसबहीण सांगत होती, तुझा आवाज पडला होता म्हणून. तुला काही तसं वाटलेलं नाही, मी ओळखते ना तुला. तू पहिल्यापासून एकटीच बरी असतेस."

हातातली कवळी मी खाली ठेवली. पन्नास वर्षांत हे वाक्य मी तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं.

"ताई, मला वाटलंय," मी म्हटलं. "मला फार वाईट वाटलंय."

"नाही गं," ताई अगदी मायेने म्हणाली, "तुला नाही वाटलेलं." आणि तिने फोन ठेवला, कारण तिच्या मते बोलणं झालं होतं.